वाचकांच्या शंका : वायरवर चालतं, रेडिओवर अडतं

प्रश्न : तलावाभोवती पाच ठिकाणी आम्ही पाण्याची पातळी मोजतो. सगळ्यात लांबचं ठिकाण ३ किलोमीटरवर आहे. मोबाइलची भरवशाची रेंज फक्त पंपघरात. बाकी ठिकाणी एखादी कांडी, तीही येते-जाते. सेन्सर मॉडबस आरटीयूवर (यंत्रांनी आपसात आकडे मागवण्या-पाठवण्याची एक ठरलेली पद्धत) चालतात. टेबलावर वायरने जोडून पाहिलं तर सगळं सुरळीत. ४३३ मेगाहर्ट्झचे रेडिओ मॉडेम लावले की लहान उत्तरं येतात, मोठ्यांना मात्र सीआरसी एरर (संदेश बिनचूक आला का, हे तपासणारी बेरीज जुळत नाही). आता प्रत्येक ठिकाणी सिम टाकावं का?

उत्तर : सिमचा विचार तूर्त बाजूला ठेवा. लहान उत्तरं येतात आणि मोठीच अडतात, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नुसतं ‘चालत नाही’ एवढंच कळवलं असतं, तर मीही आधी अँटेनावरच संशय घेतला असता.

आरटीयूमध्ये फ्रेम (म्हणजे एक पूर्ण संदेश) संपल्याची वेगळी खूण नसते. साडेतीन अक्षरांइतका वेळ लाइन गप्प राहिली की फ्रेम संपली, असं धरायचं. ९६०० बॉडच्या वेगाला हा वेळ जेमतेम ४ मिलिसेकंद. तुमचा मॉडेम बहुधा मोठ्या फ्रेमचे तुकडे करून हवेत सोडत असणार. पलीकडे दोन तुकड्यांमध्ये त्याहून जास्त फट पडली की मास्टर (सेन्सरांना आकडे विचारणारं यंत्र) अर्ध्यावरच ‘संपलं’ म्हणतो. अर्ध्या फ्रेमचा सीआरसी जुळणार कुठून?

मॉडेमच्या सेटिंगमध्ये पॅकेटचा आकार २५६ बाइट करा. आरटीयूची फ्रेम त्याहून मोठी नसतेच. ती सोय नसेल तर एका वेळी थोडीच रजिस्टर (सेन्सरमधले आकड्यांचे कप्पे) वाचा. टेबलावरचा टाइमआउटही (उत्तराची वाट बघायचा वेळ) रेडिओला पुरत नाही, तो १-२ सेकंदांवर न्या. शिवाय अँटेनाची केबल आखूड ठेवा. आरजी-५८ ची १० मीटर केबल या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ निम्मी पॉवर खाऊन टाकते.

सिम एकच, पंपघरात. तिथे मोबाइल मॉडेमला ‘एटी+सीएसक्यू’ ही आज्ञा देऊन सिग्नल बघा. उत्तर ० ते ३१ मध्ये येतं. ९९ म्हणजे सिग्नल मोजताच आला नाही. (९९ बघून खूश होणारे भेटतात!) २जी मॉडेम असेल तर डेटा पाठवताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. सप्लाय लेचापेचा असेल तर मॉडेम नेमका तेव्हाच रीसेट होतो, आणि खापर फुटतं नेटवर्कवर.

बाहेरून पंपघराला ‘फोन लावून’ डेटा मागवायचा बेत असेल तर तो सोडा. साध्या सिमला बहुधा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेट पत्ता) मिळत नाही, त्यामुळे पंपघरानेच सर्व्हरकडे डेटा पाठवायचा. तिथल्या लॉगरने (नोंदी साठवणाऱ्या यंत्राने) प्रत्येक नोंद वेळेसकट साठवावी आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय पुसू नये. रेडिओ बंद पडला तर तेवढ्या वेळच्या नोंदी मात्र जातील. त्या हव्याच असतील तर पाचही ठिकाणी छोटे लॉगर बसवा. पाण्याची पातळी सावकाश बदलत असेल तर मी तो खर्च करणार नाही.