संध्याकाळी सहानंतर पाणी बंद

“मॅडम, बाकी सगळं सोसतो, पण कुणाला ‘जरा हात द्या’ म्हणायचं तर जीव जातो.” मी समुपदेशक; अपघातातून उठणाऱ्या माणसांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही आता पाठ झालंय: “लोकांना कशाला त्रास?”

असेच एक काका. भर पावसात घोडबंदर रोडवर खड्ड्यात स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. आत रॉड, दीड महिना त्या पायावर भार द्यायचा नाही. वर्तकनगरची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून मीच घरी जायचे. एरवी सोसायटीत कुणाचं काही अडलं की धावणारे हेच. आता मात्र फिजिओथेरपीच्या दोन वेळा बुडवल्या होत्या. खुर्चीत बसवून जिना उतरवायला माणसं लागतात, आणि सांगणार कोण?

दुसऱ्या भेटीत पाहिलं, पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला. सहज विचारलं. काका म्हणाले, “सहानंतर पाणी बंद. रात्री भांडं द्यायला हिला उठवावं लागतं.” लघवीला जळजळ होते, पाणी भरपूर प्या असं डॉक्टर बजावतात, हेही मला त्यांनीच आधी सांगितलं होतं!

चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. “उठवत नाही म्हणून मी झोपते होय? रात्रभर कान तुमच्याकडे. तुम्ही नुसते कण्हलात तरी दचकून उठून बसते. अहो, हाक मारणार हे माहीत असेल, तर मधे निवांत झोपेन तरी!”

काका गप्प. मीही गप्प. कुठे बोलू नये हे कळायला या कामात वर्षं जातात; त्या दिवशी मला ते साधलं. चहावर साय धरली तेव्हा काका पुटपुटले, “म्हणजे हिचा त्रास मी वाचवत नव्हतोच.”

“मग काय वाचवत होतात?”

“माझी ऐट.”

हे मी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं, याचा मला आजही आनंद आहे.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेवरची. ‘कुणाची गरज पडू नये’ ही इच्छा झाली; ‘पडताच कामा नये’ हा हट्ट. इच्छा घेऊन माणूस व्यायामाला जातो, हट्ट घेऊन घरी बसतो. आणि मागायचं तर मोघम नको. “कुणी येईल का हो?” याला कुणीच येत नाही. “मंगळवारी साडेदहाला, वीस मिनिटं, दोघं हवेत” असं नेमक्या माणसाला सांगा. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक द्या, आणि त्याने ती वापरली तर रुसू नका.

एलिस तरुणपणी भिडस्त. 19 व्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावरच्या अनोळखी मुलींशी मुद्दाम बोलत सुटले. नकार आले, आभाळ कोसळलं नाही. काकांना मी तसाच गृहपाठ दिला: रोज एक मागणी, आणि आठवड्यात एक तरी नकार मिळवायचाच.

पहिल्या आठवड्यात काका वैतागले, “कुणी नाहीच म्हणत नाही!”

नवव्या दिवशी फोन आला. “मॅडम, आज खालच्या मजल्यावरचा नाही म्हणाला. त्याला लोकल गाठायची होती.”

“मग?”

“मग काय, समोरच्याला सांगितलं. जिना उतरलोय, रिक्षात बसलोय. ठेवतो.”