वाशीत तळमजल्यावर घर आहे. पाण्याच्या नुकसानीसाठी गृहविम्याचा हप्ता कसा ठरतो?

हप्ता घराच्या बाजारभावावर ठरत नाही. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून इमारतीची विमा रक्कम काढतात आणि तिच्यावर आग, वादळ, पूर अशा जोखमींचा दर लावतात. हा दर ठरवताना कंपनी ठिकाण, बांधकामाचा प्रकार आणि पूर्वीचे दावे पाहते. वाशी खाडीलगत, भरावाच्या जमिनीवर वसलेली असल्याने भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की धारण तलावांतले (पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावांतले) पाणी खाडीत उतरत नाही, म्हणून तळमजल्यावर पुराचे संरक्षण वगळून हप्ता वाचवणे मला मुळीच योग्य वाटत नाही. फुटलेली पाइपलाइन किंवा ओसंडलेली टाकी यांमुळे झालेले नुकसान या पॉलिसीत येते. भिंतीत वर्षानुवर्षे मुरलेली ओल मात्र सहसा नाकारली जाते.