जुनी एम४पी गाणी डीजे सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत: आधी 'काइंड' बघा, मग डोकं खपवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की न्यू जर्सीत असताना २००५ ते २००८ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्सवर रीतसर पैसे देऊन घेतलेली १४०-एक गाणी (एम४पी एक्स्टेन्शनच्या फाइली) जुन्या हार्डडिस्कवर आहेत, डिसेंबरात पुण्यात चुलतभावाच्या संगीतला तुम्हीच डीजे करणार आहात, आणि सेराटो, म्हणजे तुमचं डीजे सॉफ्टवेअर, ती गाणी घेतच नाहीये. मॅकवर डबल क्लिक केलं की मस्त वाजतात, सेराटोच्या डेकवर (गाणं वाजवायच्या खणात) टाकली की ठणठणपाळ. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही हो, तीनदा इन्स्टॉल केलंत तेवढे कष्ट वाया गेले.

तेव्हाच्या आयट्यून्सच्या गाण्यांना फेअरप्ले नावाचं कुलूप असायचं. आतला ऑडिओ एन्क्रिप्ट केलेला, आणि किल्ली तुमच्या अकाउंटला आणि ऑथराइज केलेल्या कॉम्प्युटरला बांधलेली, असे जास्तीत जास्त ५ कॉम्प्युटर. ती किल्ली फक्त अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्लेअरकडे असते. डीजे सॉफ्टवेअरला नुसतं गाणं वाजवून भागत नाही, त्याला अख्खी फाइल आतून उघडून वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) काढायचा, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) मोजायचा, स्पीड बदलायचा, लूप मारायचा, आणि कुलूपबंद फाइलमध्ये त्याला हातच घालता येत नाही. एक्स्टेन्शन बदलून एम४ए करून बघितलंत ना? सगळेच एकदा करतात, मीही केलंय, दारावरची पाटी बदलून कुलूप निघत नाही.

आता काम. म्युझिक अ‍ॅपमध्ये गाण्यांच्या यादीत 'काइंड' हा कॉलम चालू करा. 'पर्चेस्ड एएसी' दिसलं तर ती फाइल मोकळी आहे, सरळ वापरा. 'प्रोटेक्टेड एएसी' म्हणजे जुनं कुलूप. आणि 'अ‍ॅपल म्युझिक एएसी' दिसलं तर ते गाणं तुम्ही विकत घेतलेलंच नाहीये, महिन्याच्या भाड्यावर आहे. लोक इथेच गंडतात कारण या शेवटच्या दोन्हींचं एक्स्टेन्शन एम४पीच असतं, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

तुमची बहुतेक 'प्रोटेक्टेड' निघतील, १२८ केबीपीएसची (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला). २००७ मध्ये ईएमआय या म्युझिक कंपनीची गाणी बिनकुलुपाची २५६ मध्ये यायला लागली आणि जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने बाकी मोठ्या कंपन्यांचीही कुलपं काढायचं जाहीर केलं. पण ज्यांनी आधी घेतली होती त्यांच्या डिस्कवरच्या फाइली आपोआप थोड्याच बदलणार, त्या तशाच पडून राहिल्या.

पहिला उपाय फुकट आहे. हार्डडिस्कची एक कॉपी बाजूला ठेवा (हे आधी, प्लीज), मग एकच गाणं लायब्ररीतून उडवून खरेदीच्या यादीतून परत डाउनलोड करा आणि काइंड बघा. काही गाणी मोकळी होऊन येतात, काही तीच जुनी येतात, काही स्टोअरवरून गायबच झालेली असतात. जी राहतील त्यांच्यासाठी आयट्यून्स मॅच, अमेरिकन अकाउंटवर वर्षाला २४.९९ डॉलर. ते तुमचं गाणं त्यांच्या कॅटलॉगशी जुळवतं, मग लोकल फाइल डिलीट करून ढगाच्या चिन्हावरून परत उतरवायची, २५६ ची आणि बिनकुलुपाची मिळते. वर्ष संपलं, पैसे भरले नाहीत, तरी उतरवलेल्या फाइली तुमच्याच. १४० गाण्यांना साधारण १८ सेंट गाण्यामागे पडले, मी तर डोळे झाकून हेच करीन.

तिथेही न जुळलेली पाच-दहा उरलीच तर सीडी. हसू नका, ऑडिओ सीडी बर्न करायची परवानगी त्या गाण्यांसोबतच दिलेली होती, एकच प्लेलिस्ट ७ वेळापर्यंत. सीडी-आरडब्ल्यू घ्या म्हणजे तीच तीच वापरता येते, ८० मिनिटांत सोळा-सतरा गाणी बसतात. सीडीवरून परत कॉम्प्युटरवर घेताना (रिप करताना) एमपी३ मात्र करू नका. आधीच १२८ मध्ये पिळून निघालेला आवाज पुन्हा पिळला की हाय-हॅट (ड्रमची झांज) सळसळ करायला लागते, हेडफोनवर कळत नाही पण हॉलच्या मोठ्या स्पीकरवर लगेच कळतं. एआयएफएफ (न पिळलेला फॉरमॅट) करा, मिनिटाला १० एमबी जातील, जाऊ देत, आणि वेव्ह फाइलसारखे त्यात टॅग (गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) हरवायची भीती नाही. क्वालिटी वाढणार नाही हां, फक्त आणखी बिघडणार नाही.

कुलूप तोडणारी सॉफ्टवेअरं असतात त्याबद्दल मला मेसेज करू नका. अमेरिकेत १९९८ पासून डीएमसीए हा कॉपीराइट कायदा आहे, आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात ६५ए कलम आलं, हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. आणि सरळ रस्ता २५ डॉलरला असताना तोडायचंय कशाला.

भाड्याच्या गाण्यांचा माझा किस्सा सांगतो. नाशिकला एका संगीतला नवरदेवाच्या भावाने कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पेनड्राइव्ह हातात दिला, "दादा, सगळ्यांच्या डान्सची गाणी यात आहेत." कुठल्याशा अ‍ॅपवर ऑफलाइन सेव्ह केलेला फोल्डर पठ्ठ्याने जसाच्या तसा उचलला होता, नावंसुद्धा नुसती आकडे-अक्षरांची. एकही डेकवर चढेना. शेवटी त्याचाच फोन ऑक्सला लावला, मावश्यांचा ग्रुप स्टेजवर, गाणं ऐन रंगात, आणि केटररचा फोन आला. अख्ख्या हॉलला रिंगटोन. मावश्या त्यावरही दोन स्टेप नाचल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून गाणी दोन दिवस आधी मागतो आणि घरी एकेक लोड करून बघतो.

आता २०२५ पासून अ‍ॅपल म्युझिक सेराटो, रेकॉर्डबॉक्स अशा डीजे सॉफ्टवेअरमध्ये थेट जोडता येतं, पण त्याला नेट लागतं, आणि लग्नाच्या हॉलमधलं नेट आपल्याला माहितीये. शिवाय दिलेलं काढूनही घेतात, १ जुलै २०२० ला स्पॉटिफाय डीजे अ‍ॅप्समधून बंद झालं तेव्हा कितीतरी जणांच्या तयार प्लेलिस्ट लटकल्या होत्या, परत आलं ते २०२५ मध्ये. फर्माइशीपुरतं ठेवा, मुख्य सेट त्यावर नको.

आणि एक, आधी सगळ्या फाइली बदलून घ्या, मगच अ‍ॅनालाइज करून क्यू पॉइंट (गाणं कुठून उचलायचं त्या खुणा) लावा. क्यू आणि बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणा) त्या फाइलला चिकटलेले असतात, नंतर फाइल बदललीत तर १४० गाण्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून. हॉलवाल्याच्या प्लेअरवर पेनड्राइव्ह लावणार असाल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, मॅकच्या फॉरमॅटमध्ये असला तर काही प्लेअर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तोवर काइंडमध्ये काय काय दिसतंय ते सांगा, 'अ‍ॅपल म्युझिक'वाली किती निघतात त्यावर बाकीचं बोलू.