लॅटिन शिकून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल का?

"ताई, हिच्या शाळेत एपी जेमतेम चार. आमच्या कॉलनीतली मुलं दहा-दहा, बारा-बारा करतात. आमची लेक मात्र लॅटिनच्या विभक्त्या घोकत बसलेली असते. आपल्या श्रद्धेपायी आम्ही पोरीचं नुकसान तर करत नाही ना?"

हा मेल अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या पट्ट्यात राहणाऱ्या एका आईचा. (एपी म्हणजे हायस्कूलमध्ये घेता येणारे, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय.) घर मूळचं नगरचं, मराठी ख्रिस्ती, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं उपासनेत म्हणत मोठं झालेलं. वडील आयटीत, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मुलगी आठवीपर्यंत सरकारी शाळेत होती, नववीला तिला क्लासिकल ख्रिश्चन शाळेत घातलं. आता दहावी चालू होती आणि घरात रोज एकच विषय: अकरावीच्या आत परत सरकारी शाळेत आणायचं का? (घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ज्यांना ही शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लिश लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ मध्ये ऑक्सफर्डला एक निबंध वाचला. मध्ययुगातल्या व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांना लागू पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. लहानपणी पाठांतर, मग वाद घालायचं वय, मग आपलं म्हणणं नीट मांडायचं वय. पहिल्या टप्प्याला त्यांनी चक्क पोपटाचं नाव दिलं होतं. पोपटपंचीला इतक्या प्रेमानं वागवणारं शिक्षणशास्त्र विरळाच! पुढे १९८१ मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावात लोगोस स्कूल निघाली आणि नव्वदच्या दशकापासून अशा शाळा अमेरिकाभर पसरल्या. हायस्कूलमध्ये लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व, बायबल, होमर-ऑगस्टीन-दांते यांचं मूळ वाचन, आणि बारावीला एक प्रबंध लिहून परीक्षकांपुढे उभं राहून त्याचा बचाव करायचा.  यातल्या बऱ्याच शाळा एपी मुद्दामच कमी ठेवतात किंवा ठेवतच नाहीत.

आईची काळजी खरी होती, पण ती चुकीच्या आकड्यावर अडकली होती. अमेरिकेत कॉलेजला अर्ज जातो तेव्हा गुणपत्रकाबरोबर शाळेचं माहितीपत्रकही जातं. शाळेत कोणते विषय शिकवतात, एपी किती, गुण कसे देतात, हे सगळं त्यात असतं. उपलब्ध विषयांतले अवघड विषय मुलीनं घेतले का, हे अर्ज वाचणारा बघतो. जिथे चारच एपी आहेत तिथे बारा का नाहीत, असं कोणी विचारत नाही. शेजारच्या मुलाचे बारा त्याच्या शाळेच्या तीस विषयांतले असतात.

"म्हणजे काळजीच नको?" वडिलांनी विचारलं.

तसं नाही. इंजिनिअरिंग करायचं असेल तर मी एपीची संख्या सोडून गणिताची शिडी बघते: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. बारावी संपताना पोरगी कॅल्क्युलसपर्यंत पोचते का? प्रयोगशाळेसह फिजिक्स आहे का? लहान शाळांची गोम इथेच असते. माहितीपत्रकात कॅल्क्युलस छापलेलं असतं, पण त्या वर्षी पुरेशी मुलं नसली तर वर्गच भरत नाही. मी आईला शाळेत एकच प्रश्न विचारायला लावला: गेल्या तीन वर्षांत कॅल्क्युलसचा वर्ग प्रत्यक्षात किती वेळा भरला? उत्तर आलं, एकदा. फिजिक्स मात्र दरवर्षी होतं, आणि चांगलं होतं.

आता ही अडचण सुटण्यासारखी होती. टेक्सासमध्ये हायस्कूलची मुलं, खासगी शाळेतलीसुद्धा, कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, ड्युअल क्रेडिटनं विषय घेऊ शकतात; तो विषय शाळेत आणि कॉलेजात दोन्हीकडे धरला जातो. त्यांच्या भागात कॉलिन कॉलेज आहे. तिथलं कॅल्क्युलस वन, म्हणजे मॅथ २४१३, राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत सहसा धरलं जातं. दुसरा रस्ता म्हणजे घरी तयारी करून एपीची परीक्षा बाहेरून देणं. त्यासाठी शाळेत तो विषय शिकवला जात असायलाच हवा असं नाही.

कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांचंही तेच. क्लासिकल शाळांमध्ये २०१५ पासूनच्या सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) या प्रवेश परीक्षेचा बोलबाला आहे: १२० प्रश्न, १२० गुण, उतारे बहुतेक जुन्या अभिजात लेखकांचे. फ्लोरिडानं २०२३ मध्ये सरकारी विद्यापीठांसाठी ती मान्य केली. पण हे घर टेक्सासमधलं, आणि त्यांच्या यादीत सगळ्यात वर यूटी ऑस्टिन, म्हणजे ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ. तिथे २०२५ च्या प्रवेशासाठी सॅट किंवा एसीटी या नेहमीच्या प्रवेश परीक्षांपैकी एक पुन्हा सक्तीची झाली. तेव्हा सीएलटी द्यायची तर हौसेनं द्यावी, पण सॅट चुकवू नये. लॅटिनमुळे सॅटचे गुण वाढतात असं काही शाळा सांगतात. लॅटिन घेणारी मुलं मुळातच वाचणाऱ्या घरांतली असतात, म्हणून तो दावा मी फारसा मनावर घेत नाही.

हे सगळं एका संध्याकाळी आटोपलं असतं. आटोपलं नाही, कारण मुलीच्या प्रगतिपुस्तकात साहित्याच्या विषयाला बी मायनस होता, लॅटिनला सी. आईच्या मते शाळाच अशी. शाळेचा शेरा होता: चर्चेत भाग घेत नाही.

मुलीशी मी एकटीशी बोलले. मराठी समजतं तिला, बोलताना इंग्लिशवर घसरते. मला ती मावशी म्हणते. "मावशी, मला सगळं कळतं, फक्त बोलायच्या आत दुसरं कोणीतरी बोलतं." तिनं ख्रिस्ती संत ऑगस्टीनच्या आत्मकथनाची आपली प्रत कॅमेऱ्यासमोर धरली. नासपती चोरण्याच्या प्रसंगापाशी समास पेन्सिलीनं गच्च भरलेला. ऑगस्टीन पोरवयात मित्रांबरोबर नासपती चोरतो, भूक नसताना, निव्वळ चोरीच्या मजेसाठी. तिनं बाजूला लिहिलं होतं: एकटा असता तर चोरली असती का? तो स्वतःच म्हणतो नाही. मग दोष मित्रांचा की त्याचा? खाली वेगळ्या रंगात: हे दुसऱ्या मुलीनं आधी विचारलं.

मी विचारलं, आधी का नाही बोललीस? उत्तर यायला वेळ लागला. शिक्षकांनी स्वतःचं मत आधी सांगितलं होतं आणि हिचं नेमकं उलट होतं. घरी मोठ्यांना उलट उत्तर दिलं की काय होतं, ते तिला पक्कं माहीत होतं.

गंमत म्हणजे, त्याच आठवड्यात आईची तक्रार होती की मुलगी हल्ली फार उलट बोलते. उशिरा दाखल झालेल्या मुलांना ही शाळा तर्कशास्त्र वेगळं शिकवते, आणि ते घरी वापरलं जात होतं. आई म्हणाली, "शेजारच्यानं बारा एपी केले म्हणून तो एवढ्या मोठ्या कॉलेजात गेला." लेक शांतपणे म्हणाली, "आई, हा पोस्ट हॉक आहे. एकानंतर दुसरं झालं म्हणजे पहिल्यामुळे झालं असं नाही." त्या रात्री फोन जप्त झाला.

म्हणजे ज्या गोष्टीचे शाळेत गुण मिळतात, तिचीच घरी शिक्षा. पंधरा वर्षांची मुलगी अशा वेळी दोन्हीकडे गप्प बसायला शिकते. मला हा पेच एपीपेक्षा कितीतरी मोठा वाटला, आणि आपल्या घरांत तो सर्रास आहे. वर्गात हात वर करणारं, मुलाखतीत ठाम बोलणारं मूल सगळ्यांना हवं असतं. जेवणाच्या टेबलावर मात्र तेच मूल आगाऊ ठरतं.

आईवडिलांना मी तात्त्विक काही सांगितलं नाही. सूर उद्धट असेल तर जरूर टोका, पण मुद्दा बरोबर असेल तर "मुद्दा बरोबर आहे" एवढं आधी म्हणा, इतकंच. आईला हे जड गेलं. वडिलांना त्याहून जड, पण ते लवकर शिकले. साहित्याच्या शिक्षकांना मुलीनं स्वतः पत्र लिहिलं. त्यांनी सुचवलं की दर आठवड्याला एका चर्चेची सुरुवात तिच्या लिहून आणलेल्या प्रश्नानं करायची. पहिलंच बोलायचं म्हटल्यावर आपला प्रश्न दुसरं कोणी आधी विचारेल ही भीती उरत नाही. दोन महिन्यांनी ती मधेही बोलू लागली. रोज नाही.

लॅटिनचं दुखणं वेगळं. वर्गमित्र तिसरीपासून शिकत आलेले, ही नववीत आली. शाळेनं तिला सातवी-आठवीच्या मुलांबरोबर बसवलं होतं आणि त्याची लाज तिनं कोणाला सांगितली नव्हती. इथे बाबा कामाला आले. नगरच्या शाळेत त्यांनी संस्कृत घेतलं होतं, तेही स्कोअरिंग म्हणून. लेक "पुएल्ला, पुएल्लाए" करत बसलेली बघून ते "रामः रामौ रामाः" सुरू झाले. कर्ता, कर्म, संप्रदान ही ओळख पटल्यावर रात्रीची वीस मिनिटं दोघांची ठरून गेली. लॅटिनमध्ये द्विवचन नाही याचा बाबांना भलताच हेवा वाटला. सीचा बी झाला. अजून ए झालेला नाही.

शाळा बदलायची नाही, असं शेवटी मुलीनंच ठरवलं. बदलायचं ठरलं असतं तरी मी अडवलं नसतं. जिथे कॅल्क्युलसला कोणताच रस्ता नाही, किंवा मूल मनापासून निघायचं म्हणतं, तिथे निघावं. मात्र अकरावीच्या आधी. बारावीत हलवलं तर शिफारसपत्र लिहायला ओळखीचा शिक्षक उरत नाही.

आईकडे आता दोन कामं आहेत. अकरावीत प्रीकॅल्क्युलस चालू असतानाच कॉलिन कॉलेजच्या ड्युअल क्रेडिट कचेरीत नोंदणीची तारीख विचारून ठेवायची. आणि बारावीच्या सप्टेंबरमध्ये, बाहेरच्या मुलांना एपीला बसू देणारी जवळची शाळा गाठायची, कारण परीक्षेची मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जावी लागते आणि जागा मर्यादित असतात.