रक्त पातळ केलं की डोळे वाचतात?

प्रश्न : बाबांचं वय ६६, मधुमेहाला सतरा वर्षं झाली. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आहे म्हणून डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सांगितली आहेत. शेजारचे काका म्हणतात, साखरेनं रक्त दाट होतं, ते पातळ करणारी गोळी घेतली की इंजेक्शन टळेल. मेडिकलमधून त्यांनी कॅल्शियम डोबेसिलेट आणूनही दिली. दुसरीकडे, हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन डोळ्यात रक्तस्राव करेल या भीतीनं बाबांनी ती बंद केलीय. काय करावं? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी ॲस्पिरिन. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना आजच फोन करा; बहुधा ते लगेच सुरू करायला सांगतील. अमेरिकेत ३,७११ मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१मध्ये आले. त्यात रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या डोळ्यात रक्तस्राव वाढला नाही. तुमच्या बाबांची गोळी बहुतेक ७५ची असेल. पण ॲस्पिरिनही रक्त पातळ करणारीच गोळी, आणि त्याच अभ्यासात डोळ्याचा आजार तिनं थांबला नाही, हे काकांना सांगा.

काका अगदीच चुकीचं बोलत नाहीत. लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या केशवाहिन्या त्याहून अरुंद, म्हणजे पेशीला घडी घालूनच पुढे सरकावं लागतं. ताजी पोळी चौघडी होते, शिळी होत नाही. साखरेत मुरलेल्या पेशीचं तसंच होतं. त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन वाढलेलं असतं, पेशी एकमेकींना चिकटतात, पांढऱ्या पेशी भिंतीला अडकून बसतात. काही केशवाहिन्या बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा मग व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो, त्यानं वाहिन्या झिरपू लागतात आणि सूज येते. बाबांचा आजार या टप्प्यावर आहे. इथे रक्त पातळ करून काय होणार? इंजेक्शन थेट त्या रसायनालाच पकडतं.

डोबेसिलेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे : मी ती लिहीत नाही. ६३५ रुग्णांवर पाच वर्षं चाललेली चाचणी २००९मध्ये प्रसिद्ध झाली. सूज रोखण्यात ती गोळी औषध नसलेल्या, नुसत्या खडूच्या गोळीहून सरस ठरली नाही. शिवाय क्वचित तिच्यामुळे पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. बाबांनी आधीच काही दिवस घेतली असेल आणि ताप, घसादुखी सुरू झाली तर रक्त तपासून घ्या. (शेजाऱ्याच्या शिफारशीनं गोळ्या आणायची आपल्याकडची हौस हा वेगळाच आजार आहे.)

पेशी मऊ राहायला औषध हवंच असेल तर ते आहे : तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात ठेवणं. रक्तदाबही तितकाच महत्त्वाचा. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात नीट आवरलेल्या रक्तदाबानं पडद्याचं नुकसान वाढण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं होतं. पण हे सगळं इंजेक्शनच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही.

बाबांना भीती असेल ती सुईची. थेंबांनी डोळा बधिर करतात, प्रत्यक्ष टोचणं काही सेकंदांचं असतं. सुरुवातीची इंजेक्शनं साधारण महिन्याच्या अंतरानं, पुढचं अंतर ओसीटी, म्हणजे पडद्याची सूज दाखवणारा स्कॅन, पाहून ठरतं. मधली चुकवू नका. आणि टोचल्यानंतरच्या दिवसांत डोळा वाढत्या प्रमाणात दुखू लागला, लाल झाला किंवा धूसर दिसू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.