'विभत्स' असा शब्द नाही

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही काही मित्र जुने, फारसे कुणी न पाहिलेले, तुटपुंज्या पैशांत काढलेले भयपट हौसेने शोधून बघतो. रक्ताचे पाट, कापाकापी, रबरी राक्षस, सगळं चालतं. अशा चित्रपटांना मराठीत "विभत्सपट" म्हणावं, "शोषणपट" म्हणावं, की "बी ग्रेड" हेच बरं? आणि बघताना किळस येते तरी मजाही वाटते, त्या मजेला आपल्याकडे काही शब्द आहे का?'

आधी 'विभत्स'चा निकाल लावू, कारण तो कानावर पडला की माझं डोकं उठतं. 'विभत्स' असा शब्द मराठीत नाही आणि संस्कृतातही नाही. विकृत, विद्रूप, विचित्र यांच्या रांगेत बसवून लोक इथेही 'वि' हा उपसर्ग आहे असं धरून चालतात. मग उरलेला 'भत्स' म्हणजे काय, हे त्यांनी सांगावं. काही जण तो 'भर्त्सने'शी नेऊन जोडतात, पण त्यातला रफार कुठे गेला याचं उत्तर कुणी देत नाही. हिंदीत 'वीभत्स' हे रूप रुळलं आहे, तिथल्या कोशांतही सापडतं. ते हिंदीनं खुशाल ठेवावं. आपल्याकडे मूळ रूप शाबूत असताना आपण ते उसनं का आणायचं? बीभत्स. ब ला दीर्घ वेलांटी, मग भ, मग त्स. 'बिभत्स' हा ऱ्हस्वही चूक, आणि का चूक ते खाली येतंच आहे.

'बी ग्रेड'बद्दल थोडक्यात. त्या 'बी'चा प्रतवारीशी मुळात संबंध नव्हता. अमेरिकेत १९३०च्या दशकात एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत पडली. मोठा, नटनट्यांच्या नावावर चालणारा तो 'ए' आणि जोडीला लावलेला, छोटा, स्वस्तातला तो 'बी'. पहिल्याच्या भाड्यापोटी निर्मात्याला गल्ल्यातला हिस्सा मिळे, दुसऱ्याचं भाडं ठरावीक असे. म्हणजे 'बी' हे खेळातलं स्थान आणि व्यवहारातली कलमं. 'ग्रेड' हे शेपूट मागाहून लागलं आणि त्यानं शब्दाचा अर्थच फिरवला. रॉजर कॉर्मननं आयुष्यभर कमी पैशांतले चित्रपट काढले, पण आपण 'बी' चित्रपट काढले हे त्याला कधी मान्य नव्हतं. ती व्यवस्था आपल्या आधीच संपली, असं तो सांगत असे. त्याचं बरोबर होतं.

'शोषणपट' तर शब्दाला शब्द ठेवल्याचा परिणाम. 'एक्सप्लॉयटेशन' हा चित्रपटधंद्यातला जुना शब्द आहे आणि तिथे त्याचा अर्थ होता जाहिरातबाजी: चित्रपट खपवण्यासाठी केलेल्या युक्त्या. ज्या चित्रपटात नाव घेण्यासारखा नट नाही, त्याला या युक्त्यांवरच गल्ला गोळा करावा लागे. विल्यम कॅसलनं 'मॅकेब्र' (१९५८) लावला तेव्हा चित्रपट बघताना भीतीनं मरण आल्यास प्रत्येक प्रेक्षकामागे १००० डॉलरचा विमा जाहीर केला होता. हे खरं एक्सप्लॉयटेशन. यात शोषण कुणाचं? मराठी शब्द हवाच असेल तर 'सनसनाटीपट' म्हणा. धंद्याचं अंग त्यात येतं. पुढे चला.

आता मुद्द्याचं. बीभत्स हा शब्द बनतो कसा, ते एकदा नीट बघितलं की पुन्हा कधी तो चुकीचा लिहिला जाणार नाही.

पिण्याची इच्छा ती पिपासा. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. सुटण्याची इच्छा ती मुमुक्षा. धातूचं पहिलं अक्षर दुहेरी करायचं आणि शेवटी 'स' लावायचा, की इच्छा तयार होते. या 'स'ला व्याकरणात 'सन्' म्हणतात. बीभत्स याच घरातला. धातू 'बध्' घ्या. शेवटी 'स' आला, की 'ध्' त्याच्यापुढे टिकत नाही, त्याचा 'त्' होतो. पण 'ध्'मध्ये जो महाप्राण, म्हणजे 'ह'सारखा हवेचा जोर होता, तो हवेत विरत नाही. तो मागे उडी मारून 'ब'वर बसतो आणि 'ब'चा 'भ' होतो. झालं 'भत्स'. मग अक्षर दुहेरी करताना महाप्राण गळतो, म्हणून पुढे 'भि' न येता 'बि' येतो. आणि तो दीर्घ का? कारण पाणिनीनं चार धातू मुद्दाम वेचून सांगितलं आहे की यांचं दुहेरी झालेलं अक्षर दीर्घ करा: मान्, बध्, दान्, शान्. मान् पासून मीमांसा, बध् पासून बीभत्सा. म्हणजे 'मिमांसा' लिहिणारा आणि 'बिभत्स' लिहिणारा, दोघे एकच सूत्र मोडतात. 'विभत्स' लिहिणारा तर धातूच गिळून टाकतो.

या सूत्राच्या आधीच्या सूत्रात आणखी तीन धातू आहेत: गुप्, तिज्, कित्. त्यांपासून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा, मीमांसा, बीभत्सा. तुमच्यासारख्या प्रेक्षकाची सगळी अवस्था पाणिनीनं पाठोपाठच्या दोन सूत्रांत मांडून ठेवली आहे. आधी किळस येते, मग सोसावं लागतं, मग चिरफाड करावीशी वाटते, मग रात्रभर त्यावर काथ्याकूट होतो.

इथे माझा वैयाकरणांशी वाद आहे. ते म्हणतात, या शब्दांत 'सन्' आहे पण इच्छा नाही; जुगुप्सा म्हणजे निंदा, तितिक्षा म्हणजे क्षमा, बीभत्सा म्हणजे चित्ताचा विकार, एवढंच. मला हे बिलकूल पटत नाही. 'गुप्' म्हणजे राखणं, झाकणं. जुगुप्सा म्हणजे स्वतःला झाकून घ्यायची इच्छा. पडद्यावर सुरा उगारला की तळहात आपोआप डोळ्यांवर जातो आणि बोटं जराशी फाकलेली राहतात. त्या हाताला 'निंदा' म्हणणं म्हणजे शब्दाचा जीव काढून घेणं. इच्छा तिथे होती, आहे. सूत्रांची सोय बघताना टीकाकारांनी ती बाजूला सारली.

दुसरा वाद त्याहून मोठा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, 'बध्' आहे तो बांधण्याच्या अर्थी. बांधण्यातून किळस कशी निघते? निघत नाही. म्हणून तर टीकाकारांना 'चित्तविकार' हा अर्थ बाहेरून जोडावा लागला. मोनियर विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात बीभत्स 'बाध्' या धातूखाली आहे, आणि या बाबतीत परंपरेपेक्षा तो कोश शंभर टक्के बरोबर आहे. बाध् म्हणजे रेटणं, पीडा देणं, दूर सारणं. बीभत्स म्हणजे जे बघताच दूर लोटावंसं वाटतं ते. आता हा 'बाध्' मराठीत कुठे कुठे आहे बघा. अन्न बाधतं. पाऊस पडला तरी कार्यक्रम अबाधित राहतो. आणि, माझा सगळ्यात लाडका, भूतबाधा. भूतबाधेतली 'बाधा' आणि बीभत्सातला 'बीभत्' ही सख्खी भावंडं. भूत माणसाला रेटतं आणि माणूस भुताला रेटू पाहतो. दोन्हीकडचा धातू एकच. भयपटांसाठी शब्द शोधणाऱ्याला याहून चांगली व्युत्पत्ती कुठे मिळणार?

रसचर्चेत बीभत्साला नेहमी तळाला बसवतात. पाठ्यपुस्तकं शृंगाराला पानंच्या पानं देतात आणि बीभत्साला दोन ओळी, त्याही नाक मुरडून. भरतानं असं केलेलं नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रसांपैकी चार मूळ मानले आहेत आणि उरलेले चार त्यांतून निघालेले. शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत. आणि बीभत्सातून भयानक. पुन्हा वाचा: भयानक हा बीभत्साचा मुलगा आहे. भयपट सभ्य आणि रक्तपट असभ्य अशी उतरंड लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बीभत्साची देवता महाकाल, भयानकाची काल. इथेही थोरला तोच.

भरतानं बीभत्साचे प्रकार केले आहेत तेही ऐका. रक्त वगैरेंतून येणारा तो क्षोभज. विष्ठा, किडे यांतून येणारा तो उद्वेगी. तुमच्या हौसेचे चित्रपट काढा आणि या दोन ढिगांत वाटा. सहज वाटले जातील. हर्शेल गॉर्डन लुईसचा 'ब्लड फीस्ट' (१९६३) हा रक्तपटांचा आद्य म्हणतात. त्यात खुनी एका बाईची जीभ उपटतो आणि ती जीभ मेंढीची होती. रक्त इतकं लालभडक की त्याला दुसरा कुठला रंगच ठाऊक नाही. हा शुद्ध क्षोभज. अळ्या आणि चिखल ज्यांत आहे ते उद्वेगी. अनुभावही, म्हणजे अंगावर दिसणाऱ्या खुणाही, भरतानं नेमके टिपले आहेत: अंग आक्रसून घेणं, तोंड वेडंवाकडं करणं, ओकारी येणं, थुंकणं. नट तेच करतो आणि प्रेक्षकही. भयानकाच्या प्रकारांतही एक 'व्याज' म्हणजे खोटा, बनावट भयानक आहे. मांजर उडी मारून अंगावर येतं आणि सगळे किंचाळतात, ते हे.

आणि आपल्या अभिजात साहित्याला हे वर्ज्य होतं असं कुणी सांगू लागला, तर त्याला भवभूतीच्या 'मालतीमाधवा'चा पाचवा अंक वाचायला द्यावा. नायक स्मशानात नरमांस विकायला जातो. भुतं प्रेतांवर ताव मारत असतात. मग अघोरघंट आणि कपालकुंडला हे कापालिक नायिकेला चामुंडेपुढे बळी द्यायला आणतात आणि नायक ऐन वेळी धाव घेतो. तिथलाच, प्रेताची कातडी सोलून मांस खाणाऱ्या पिशाचाचा श्लोक मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त बीभत्साचं उदाहरण म्हणून घेतला आहे. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर' (१९८४) या चित्रपटाच्या जातकुळीचा हा मजकूर सुमारे १३०० वर्षांपूर्वीचा आहे.

राहिला मजेचा प्रश्न. इथे नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताचं नाव घेऊन गप्प बसवायची प्रथा आहे: सगळे रस आनंदरूपच, संपलं. अभिनवगुप्ताबद्दल मला आदर आहे, पण ज्यानं हे चित्रपट खरोखर पाहिले आहेत त्याला हे उत्तर पुरत नाही. बाराव्या शतकातल्या रामचंद्र आणि गुणचंद्र या जोडीनं 'नाट्यदर्पणा'त सरळ सांगितलं की रस सुखाचेही असतात आणि दुःखाचेही, आणि बीभत्स, भयानक हे दुसऱ्या गटातले. मग लोक बघतात का? तर रसाचा भर ओसरला, की ज्यानं हे इतकं हुबेहूब दाखवलं त्या कवीच्या आणि नटाच्या कौशल्याचा चमत्कार वाटतो, म्हणून. मला रसचर्चेतलं इतकं प्रामाणिक वाक्य दुसरं माहीत नाही.

कमी पैशांच्या भयपटात तर हे कौशल्य उघड्यावरच असतं. जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये (१९६८) रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे रंगाची चिंता नाही; दाटपणा आणि चकाकी तेवढी जमली पाहिजे, ती जमली. कॉर्मननं 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं (१९६०) मुख्य चित्रण दोन दिवसांत उरकलं. हे कळल्यावर माणूस तो चित्रपट पुन्हा लावतो आणि या वेळी शिवण कुठे दिसते ते बघत बसतो. पहिल्यांदा अंग आक्रसतं, दुसऱ्यांदा पुढे सरकून बघतो. ज्यांना यात फक्त टिंगलीची संधी दिसते, त्यांनी हे चित्रपट पाहिलेच नाहीत असं मी म्हणेन. ज्याला किळस येतच नाही, त्याला बीभत्स रस मिळत नाही, आणि त्याला कौशल्यही कळत नाही, कारण ते कौशल्य ज्या कामी आलं तेच त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

तेव्हा चित्रपटाला 'बीभत्सपट' म्हणा. आणि बघणाऱ्याला? जिज्ञासा असलेला जिज्ञासू, मुमुक्षा असलेला मुमुक्षू, तसा बीभत्सा असलेला तो बीभत्सू. हा शब्द मी पाडलेला नाही. अर्जुनाच्या दहा नावांतलं हे एक नाव आहे. विराटपर्वात राजपुत्र उत्तर त्याला नावांचा अर्थ विचारतो, तेव्हा तो सांगतो की युद्धात मी कधीही बीभत्स कर्म करत नाही, म्हणून देव आणि माणसं मला बीभत्सु म्हणून ओळखतात. म्हणजे घाणीत रमणारा असा याचा अर्थ नाही. ज्याला ती दूर लोटावीशी वाटते, तो बीभत्सू. तुम्हा मित्रांना हे नाव शोभेल, कारण किळस येते हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

लिहिताना मात्र शेवटचा उकार दीर्घ. संस्कृतात बीभत्सु, मराठीत सुटा वापरला की बीभत्सू, जसं संस्कृतातलं जिज्ञासु मराठीत जिज्ञासू. समासात तो पुन्हा ऱ्हस्व होईल: बीभत्सुमंडळ. आणि पहिली वेलांटी दोन्हीकडे दीर्घच.