आर्थिक निर्बंध घातले की दहशतवाद खरंच कमी होतो का?

सरसकट निर्बंधांनी क्वचितच. नेमक्या माणसांची खाती गोठवली तर थोडाफार.

शिकागो विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पेप यांचं काम बघा. आधीच्या अभ्यासकांनी 1914 ते 1990 मधली, देशांवर घातलेल्या निर्बंधांची 115 प्रकरणं तपासून 40 यशस्वी ठरवली होती. पेप यांनी 1997 मध्ये ती पुन्हा चाळली, तर हातात उरली जेमतेम 5! बऱ्याच ठिकाणी खरं काम लष्करानं केलं होतं, किंवा समोरचा देश नमलाच नव्हता. यावर वाद झाला, होणारच.

आत्मघाती हल्ल्यांबद्दलही त्यांचं म्हणणं असं की मुळाशी धर्मापेक्षा परकी सैन्याचा ताबा असतो. मला हे अर्धंच पटतं. ताबा असूनही असे हल्ले न झालेल्या जागांचं काय?

आपल्या सोलापुरी टॉवेलचं घ्या. टॉवेलवर बंदी कोण घालणार? पण गिऱ्हाईक निर्बंध असलेल्या इराणचं असलं की बँक पैसे घ्यायला कचरते, जहाजवाला नाही म्हणतो. मार खातो इथला कारखानदार आणि तिथला दुकानदार. बंदूकवाल्याचा पैसा हवालानं फिरतच असतो.

म्हणून आता याद्या माणसांच्या आणि संघटनांच्या निघतात. संयुक्त राष्ट्रांची 1267 समिती (1999 च्या त्याच क्रमांकाच्या ठरावानं नेमलेली) हेच करते: खाती गोठवणं, प्रवासबंदी, शस्त्रबंदी. पण तिथंही राजकारण आहेच. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव यादीत यायला 1 मे 2019 उजाडला, कारण चीन वर्षानुवर्षं आडवा येत होता.